बॉडी मोठी की लेन्स लांब?

प्रश्न : मी इंदापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. उजनीच्या फुगवट्यावर येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढण्याचा मला छंद आहे. आतापर्यंत भावाचा जुना कॅनन डीएसएलआर आणि त्याच्या ५५-२५० मिमी व ५० मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स वापरत आले. आता भिशीचे पैसे हाती आले असून सव्वादोन लाख रुपयांपर्यंत खर्च करता येईल. दुकानदाराने कॅननचेच दोन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे सुचवले : आर५० दोन लेन्ससह ८५ हजारांच्या आसपास, किंवा आर६ मार्क टूची लेन्सविना नुसती बॉडी १ लाख ९० हजारांना. बारामतीत स्टुडिओ चालवणारे एक परिचित म्हणतात, “पुन्हा पुन्हा खर्च करण्यापेक्षा एकदाच काय तो प्रोफेशनल कॅमेरा घ्या.” शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मीच काढते आणि फेब्रुवारीत एका सहकाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मानधन घेऊन काढाल का, अशी विचारणाही झाली आहे. कोणता कॅमेरा घ्यावा? की नवीन मॉडेल येईपर्यंत थांबावे?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : तुमच्या पत्रातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. सव्वादोन लाखांतून १ लाख ९० हजार गेले की ३५ हजार उरतात आणि तेवढ्यात पक्ष्यांसाठी उपयोगाची लांब लेन्स येत नाही. म्हणजे ज्या छंदासाठी हा सारा खटाटोप आहे, त्यासाठी तुम्हाला पुढची दोन-तीन वर्षे जुन्या ५५-२५० वरच भागवावे लागेल. म्हणून माझा सल्ला आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. दुकानदाराने सुचवलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या मधला आर७ घ्यावा, त्याला आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही लेन्स लावावी आणि जुन्या लेन्स चालवण्यासाठी ईएफ-ईओएस आर हा अडॅप्टर घ्यावा. एवढे सारे तुमच्या रकमेत बसावे. लग्नाचा विषय वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो.

तुमच्या परिचितांचे म्हणणे त्यांच्या व्यवसायापुरते बरोबर आहे. ते माणसांचे फोटो काढतात, माणसाच्या जवळ उभे राहतात आणि प्रकाश हवा तसा लावून घेतात. तुमचा विषय शंभर फुटांवर पाण्यात उभा असतो आणि होडी आणखी जवळ नेली की उडून जातो. शिवाय ज्याला ‘प्रोफेशनल’ म्हणून तुमच्यासमोर ठेवले गेले, तो आर६ मार्क टू कॅननच्या यादीत सर्वांत वरचा कॅमेरा नाही. त्याच्या वर आर५ मार्क टू, आर३ आणि २०२४ मध्ये आलेला आर१ आहेत. आर१ बॅटरी आणि कार्डासह १.१ किलोच्या वर जातो, तर निकॉनचा झेड९ तब्बल १.३४ किलोचा आहे. वृत्तसंस्थांचे आणि क्रीडा छायाचित्रकार ज्यांच्यावर पोट भरतात, ते हे कॅमेरे. आर६ मार्क टू हा उत्तम कॅमेरा आहे, मात्र ‘प्रोफेशनल’ हा शब्द दुकानात फार सैलपणे वापरला जातो आणि ऐकणाऱ्याला त्यापुढे बाकी सगळे कमी प्रतीचे वाटू लागते.

आता मुख्य कारण. आर६ मार्क टूचा सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश टिपणारा भाग, फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी आकाराचा आहे आणि त्यावर प्रकाश टिपणारे २.४ कोटी बिंदू (पिक्सेल), म्हणजे २४ मेगापिक्सेल बसवलेले आहेत. आर५०, आर७ आणि त्या दोघांच्या मधला आर१० या तिघांचा सेन्सर त्याहून लहान, सुमारे २२.३ × १४.९ मिमीचा असतो. लहान सेन्सर म्हणजे हलके चित्र, असा एक सरसकट समज आहे आणि घरातल्या मंद दिव्यात काढलेल्या फोटोंच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. पण डिकसळजवळ होडीत बसून तुम्ही ४०० मिमीच्या लेन्समधून एखादा रोहित (फ्लेमिंगो) पाहत आहात असे समजा. तो पक्षी लेन्सच्या मागे जेवढ्या जागेत उमटायचा तेवढ्याच जागेत उमटणार, मागे सेन्सर कितीही मोठा असो. मोठ्या सेन्सरच्या उरलेल्या भागावर फक्त जास्तीचे पाणी येते आणि घरी आल्यावर तुम्ही ते पाणी कापून टाकता. लहान सेन्सरएवढा मधला भाग कापून ठेवला, तर आर६ मार्क टूच्या २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम साडेनऊ हाती राहतात. आर७ त्याच जागेत ३२.५ मेगापिक्सेल बसवतो. लेन्स तीच, होडी तिथेच, पक्षी तोच. आणि पक्ष्याच्या वाट्याला येणारे पिक्सेल जवळपास साडेतीनपट.

यावर कोणी म्हणेल की मोठ्या सेन्सरवर दाणा, म्हणजे कमी उजेडात फोटोवर येणारे खरखरीत ठिपके, कमी दिसतो. तो कमी दिसतो कारण पूर्ण चौकटीत मिळून जास्त प्रकाश गोळा होतो. चौकट कापली की तो जास्तीचा प्रकाशही कापल्या गेलेल्या पाण्याबरोबर जातो आणि पक्ष्यावरचा दाणा दोन्ही कॅमेऱ्यांत जवळपास सारखाच उरतो. फुल फ्रेमचा खरा फायदा घ्यायचा, तर त्यावर ६०० मिमीची लेन्स हवी, म्हणजे पक्षी पुन्हा चौकट भरेल. त्या लेन्सचा खर्च आणि वजन दोन्ही या पत्राच्या हिशेबाबाहेरचे आहेत.

तुमच्या जुन्या ५५-२५० बाबत तर आर६ मार्क टूचा व्यवहार आणखी तोट्याचा ठरेल. ती ईएफ-एस प्रकारची, मुळात लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स आहे. अडॅप्टर लावून ती फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चढवली की कॅमेरा आपण होऊन मधलाच भाग वापरतो. दोन लाखांच्या घरातली बॉडी घ्यायची आणि तिच्यातून साडेनऊ मेगापिक्सेलपेक्षाही किंचित कमीच मिळवायचे, असे ते होईल. भावाच्या डीएसएलआरमधूनही तुम्हाला याहून जास्त मिळत असणार.

आरएफ १००-४०० या लेन्सची उणी बाजूही सांगितली पाहिजे. ४०० मिमीवर तिचे छिद्र एफ/८ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढे छिद्र लहान आणि प्रकाश कमी). सूर्य उगवण्याआधी निघालेल्या होडीत पहिला अर्धा-पाऊण तास तिच्यासाठी अंधारच असतो. त्या वेळी उडत्या पक्ष्याला १/१६०० सेकंद द्यायचे म्हटले की आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० च्याही वर जातो आणि पट्टकादंबांच्या डोक्यामागचे काळे पट्टे धुरकट होतात. ऊन वर आले की अडचण संपते, पण मग साडेनऊ-दहानंतर पाण्यावरून तापलेली हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी कोणत्याही कॅमेऱ्यात, कितीही महागड्या लेन्समध्ये मऊच येतो. म्हणजे चांगल्या उजेडाचे दोन-अडीच तास हाती राहतात आणि त्या वेळेत एफ/८ पुरते. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ स्वरूपात ठेवलीत तर आजच्या संगणक प्रणाली ३२०० आयएसओपर्यंतचा दाणा पुष्कळ काढून टाकतात. या लेन्सचे वजन ६३५ ग्रॅम आहे. तिची थोरली बहीण, १००-५००, ट्रायपॉडच्या कड्यासह दीड किलोची आहे. होडीच्या फळीवर दोन-तीन तास बसून हातात कॅमेरा धरायचा असेल, तर वजनातला हा फरक दंडाला पहिल्या तासातच कळतो आणि थकलेला हात पक्षी उडायच्या क्षणी नेमका खाली असतो.

मग स्वस्तातला आर५० का नको? फोकसच्या बाबतीत त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरण्याची सोय पूर्वी फक्त महागड्या बॉडीत असे, ती आता आर५० मध्येही आहे. कॅमेरा, बॅटरी आणि कार्ड मिळून त्याचे वजन ३७५ ग्रॅम भरते आणि प्रवासाला, घरगुती समारंभांना तो छान आहे. माझी हरकत त्याच्या चक्रांवर, म्हणजे फोटो काढताना मापे बदलण्यासाठी बोटाने फिरवायच्या चाकांवर आहे. त्याला एकच चक्र आहे. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो तेव्हा काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. तो चमकत्या पाण्यासमोर असतो तेव्हा त्याचा काळा-पांढरा रंग एका मापाने मोजावा लागतो आणि दोन हात सरकून काठच्या बाभळीच्या गर्द छायेसमोर आला की तेच माप चुकते आणि पांढरी पिसे जळून जातात. सुळकी मारण्याआधी तो तुम्हाला चार-पाच सेकंद देतो. तेवढ्यात व्ह्यूफाइंडरवरचा डोळा न काढता अंगठ्याने एक चक्र आणि तर्जनीने दुसरे फिरवता आले पाहिजे. मिररलेसमध्ये उजेड किती पडेल ते फोटो काढण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते, ही त्याची डीएसएलआरवरची मोठी सरशी आहे. पण दिसलेली चूक सुधारायला बटण दाबून एकाच चक्राचे काम बदलावे लागले, तर तोपर्यंत खंड्या पाण्यात गेलेला असतो. आर७ ला दोन चक्रे आहेत आणि फोकसचा बिंदू हलवण्यासाठी अंगठ्याशी छोटी दांडीही आहे. त्याचे मागचे चक्र या दांडीभोवती बसवले आहे, ते पहिल्या आठवड्यात हाताला परके वाटेल.

आर५० बाबत आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही. त्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी जागा आहे, तिथे जुने फ्लॅश थेट चालत नाहीत, त्यांना मध्ये एक वेगळा अडॅप्टर लागतो. भावाचा फ्लॅश घरात पडून असेल, तर कोणतीही बॉडी घेण्याआधी तो सोबत नेऊन काउंटरवरच लावून पाहावा.

आर७ मध्येही खोड आहे. त्याचे इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही आणि सेकंदाला ३० फोटो काढते, म्हणून मोह होतो. पण त्याचा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात पंख हलल्यामुळे ते चित्रात वाकडे, मोडल्यासारखे उमटतात. उडत्या पक्ष्यांसाठी मेकॅनिकल शटरच ठेवा. त्याचा सेकंदाला १५ फोटोंचा वेग गरजेपेक्षा जास्तच आहे आणि संध्याकाळी घरी बसून ते निवडताना त्याची प्रचिती येईल.

आता लग्नाविषयी, आणि इथे मला जरा कडक लिहावे लागेल. पक्ष्याचा फोटो हुकला तर तुम्ही पुढच्या रविवारी परत जाता. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. त्या वेळी चारी बाजूंनी अक्षता उडत असतात, दोघांचे हार घेतलेले हात एकदम वर जातात, मामा नेमके मध्ये येतात, मागच्या एलईडी पडद्याचा रंग नवरीच्या गालावर बदलत असतो आणि व्हिडिओवाल्याचा दिवा तुमच्या लेन्समध्ये घुसतो. या गडबडीत काढलेला फोटो कार्डात नीट उतरला की नाही हे तुम्हाला रात्री कळते. कार्डे खराब होतात. क्वचित होतात, पण होतात. म्हणून मानधन घेऊन काम करायचे तर कॅमेऱ्यात दोन कार्डे हवीत आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीवर लिहिला गेला पाहिजे. महागडी बॉडी आणि सुरुवातीची बॉडी यांच्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक हा आहे. आर५० आणि आर१० मध्ये एकच कार्ड बसते, तेही बॅटरीच्या कप्प्यात. आर७ आणि आर६ मार्क टू दोघांतही दोन कार्डे बसतात. आर१० न सुचवता थोडे जास्त पैसे घालून आर७ घ्या असे म्हणतो, त्याचे हे एक कारण. दुसरे असे की आर७ च्या बॉडीतच कंप सावरण्याची यंत्रणा आहे, त्यामुळे तुमची ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स, जिला स्वतःची तशी सोय नाही, मंद उजेडात पुष्कळ जास्त उपयोगाची होईल. तिसरे कारण म्हणजे आर७ ची बॅटरी मोठी आहे, सुमारे २१०० एमएएचची. आर१० आणि आर५० ची याच्या निम्मी भरते.

तरीही फेब्रुवारीतल्या लग्नात मी फुल फ्रेमच्या बाजूने मत देईन. मंगल कार्यालयात तुम्ही माणसांच्या जवळ असता, चौकट पूर्ण भरते, काही कापावे लागत नाही, आणि मग मोठ्या सेन्सरवर अडीचपटीहून जास्त पडणारा प्रकाश खरोखर कामी येतो. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत येणारे आडवे पट्टे टाळण्याच्या सोयीही आर६ मार्क टूमध्ये अधिक बारकाईने दिल्या आहेत. तुमची ५० मिमीची लेन्स आर७ वर ८० मिमीसारखी अरुंद पाहते. नवरा-नवरीचे चेहरे त्यात सुरेख येतील, पण होमाभोवती बसलेले दोन्हीकडचे घर त्यात मावणार नाही.

म्हणून आर६ मार्क टू विकत न घेता भाड्याने आणा. पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने देणारी दुकाने आहेत. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. सोबत २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स आणि एक चांगला फ्लॅश घ्यावा, आणि तुमचा आर७ दुसरा कॅमेरा म्हणून गळ्यात असू द्यावा, कारण मानधनाच्या कामाला एकाच बॉडीवर विसंबून जाणे दोन कार्डे असूनही धोक्याचे आहे. लग्नाच्या आधीच्या एखाद्या रविवारी तोच कॅमेरा एक दिवस भाड्याने आणून घरातल्या माणसांवर हात बसवून घ्यावा. भाड्याची रक्कम मानधनात धरूनच आकडा सांगावा, त्यात संकोच नको. ते आकड्याला तयार नसतील, तर मानधन न घेता आहेर म्हणून हळद आणि मेंदीचे फोटो काढून द्या, आणि लग्नविधी कोणा रोजच्या फोटोग्राफरवर सोपवायला सांगा. आणखी एक गोष्ट : तुमची शाळा अनुदानित असेल, तर बाहेरचे मानधन घेण्याबाबत सेवाशर्तींत काय म्हटले आहे ते होकार देण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.

स्नेहसंमेलनाची चिंता करू नका. आर७, जुनी ५० मिमी आणि पहिल्या रांगेतली खुर्ची एवढे त्याला पुरेसे आहे. समूहनृत्याच्या वेळी पूर्ण रंगमंच चौकटीत घ्यायचा असेल, तर प्रेक्षागृहात मागे जाऊन उभे राहावे.

सोनी आणि निकॉनविषयी तुम्ही विचारलेले नाही, आणि हाती कॅननच्या दोन चालू लेन्स असताना तिकडे वळण्याचे सबळ कारणही दिसत नाही. आर६ मार्क टू आता स्वस्त का मिळतो असा प्रश्न मनात असेल, तर त्याचे उत्तर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या आर६ मार्क थ्रीमध्ये आहे. म्हणजे दुकानदार तुम्हाला फसवत नाही. पण स्वस्त झालेली वस्तू तुमच्या कामाची होतेच असे नाही.

खरेदी करताना बिलावर बॉडी आणि लेन्स दोघांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत, ते खोक्यावरच्या आणि कॅमेऱ्यावरच्या क्रमांकांशी तिथेच जुळवावेत, आणि वॉरंटी भारतातल्या कंपनीची आहे ना हे विचारावे. बिलाशिवाय काही हजार कमी करून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नये, बाहेरून आलेल्या मालाला इथे कंपनीची वॉरंटी मिळत नाही. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी, वेगवान अशी दोन कार्डे आणि कॅमेरा बसेल अशी तोंड बंद होणारी जलरोधक पिशवी घ्या. आर७ च्या बॉडीला शिंतोड्यांपासून थोडेफार संरक्षण आहे, पण १००-४०० लेन्सला नाही आणि वारा सुटला की होडीत पाणी उडतेच.

शेवटी थांबावे का, हा प्रश्न. आर७ २०२२ चा आहे, त्याची पुढची आवृत्ती कधी ना कधी येणारच, आणि ती आली तरी सुरुवातीला आजच्या आर७ पेक्षा महागच असणार. नव्या बॉडीवर हात बसायला चार-पाच सकाळी जातात. फुगवट्याचे पाणी ओसरून दलदल उघडी पडली की रोहितांचे थवे काठाकडे सरकतात आणि जानेवारी ते मार्च हा त्यांना पाहण्याचा उत्तम काळ असतो. या महिन्यात कॅमेरा हाती आला, तर कवड्या खंड्यावर आणि चित्रबलाकांवर सराव करून तुम्ही त्या वेळेपर्यंत तयार असाल. लग्नासाठी भाड्याच्या कॅमेऱ्याची नोंदणी मात्र आजच करून टाका, मुहूर्ताच्या तारखांना ते शिल्लक राहत नाहीत.